खोबणीतला नट
जोडांची गोष्ट : लेखांक ७

गेल्या आठवड्यात वेल्डिंगचा जोड पाहिला. दोन तुकडे वितळून एक होतात, आणि पुढे कधी वेगळे करायचे झाले तर ग्राइंडरच हातात घ्यावा लागतो. आजचा जोड याच्या उलट स्वभावाचा. ॲलन कीनं आवळायचा, त्याच कीनं सोडवायचा, आणि सुटलेले दोन्ही तुकडे दुसऱ्या कामाला घ्यायचे.

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या जरा नव्या कारखान्यात चंदेरी दांड्यांचे सांगाडे दिसतात. रोबोटभोवतीचं कुंपण, असेंब्लीची टेबलं, कन्व्हेअरचे पाय, तपासणीचे स्टँड, सगळं त्याच दांड्यांचं. दांड्याच्या चारही बाजूंना टोकापासून टोकापर्यंत एकेक खोबण असते, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. कामगार याला ‘प्रोफाइल’ म्हणतात. खोबणीचा हा आकार जुनाच आहे. मिलिंग किंवा ड्रिलिंग मशीनच्या टेबलावरचा टी-स्लॉट आयटीआयच्या पहिल्या वर्षातल्या मुलालाही ठाऊक असतो. कल्पकता आहे ती हा स्लॉट टेबलावरून उचलून सांगाड्याच्या प्रत्येक दांड्याला देण्यात.

त्याआधी भोकं होती. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं पाडलेल्या पट्ट्यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. पुढे तेच ‘मेकॅनो’ झालं. १९४७ मध्ये लंडनमध्ये डिमिट्रियस कोमिनो यांनी ‘डेक्सियन’चा स्लॉटेड अँगल बाजारात आणला, आणि खेळण्यातली युक्ती गोदामात पोचली. आपल्या कचेऱ्यांतली दप्तरं, औषध दुकानांमागची खोकी, ग्रंथालयांतले जुने अंक आजही अशाच अँगलच्या रॅकवर उभे असतात. पुढच्या पिढीत ॲल्युमिनियमचे खोबणवाले दांडे आले. १९७६ साली जर्मनीत झोलिंगनला स्थापन झालेली ‘आयटम’ आणि १९८९ साली अमेरिकेत इंडियाना राज्यात सुरू झालेली ‘एटी-ट्वेंटी’ ही त्यातली ठळक नावं.

भोक कुठं असावं हे पट्टी बनवणारा ठरवतो. खोबणीत मात्र ब्रॅकेट कुठं बसवायचा हे जोडणारा ठरवतो, आणि नंतर दोन मिलिमीटर सरकवावासा वाटला तर बोल्ट सैल करून सरकवतो. ड्रिल नको, नवं भोक नको. सेन्सर नेमका कुठं लावला म्हणजे बाटली दिसेल, हे कागदावर कधीच पक्कं ठरत नाही. ते मशीन चालवून पाहताना ठरतं. स्पेशल पर्पज मशीन बनवणाऱ्यांना खोबणीचं हे देणं फार मोलाचं वाटतं, आणि ते योग्यच आहे.

पण या स्वातंत्र्याची किंमत असते, आणि ती कळल्याशिवाय हा जोड कळत नाही. भोकातला बोल्ट सरकू लागला तर भोकाची कड त्याला अडवते. खोबणीच्या दिशेनं सरकणाऱ्या ब्रॅकेटला अडवणारी कुठलीच कड नाही. तिथं काम करतं ते फक्त घर्षण. बोल्ट आवळला की खोबणीत बसवलेला टी-नट खोबणीच्या अरुंद तोंडाच्या ओठांना आतून वर खेचतो, ब्रॅकेट त्यांना बाहेरून दाबतो, आणि ओठ दोघांमध्ये घट्ट पकडले जातात. समजा हा दाब ५०० किलोच्या वजनाइतका आहे आणि घर्षणाचा गुणक ०.२ धरला, तर ब्रॅकेट आणि ओठ यांच्यामधलं घर्षण साधारण १०० किलोपर्यंत तग धरेल. त्यापलीकडे घसरेल. बोल्ट अर्धाच आवळला असेल तर ५० किलोलाही घसरेल, आणि बाहेरून पाहून ते कुणाला कळणार नाही.

म्हणून या कामात टॉर्क रेंच ही चैन नाही. कॅटलॉगात प्रत्येक नटासाठी किती न्यूटन-मीटर ते दिलेलं असतं. त्यापेक्षा कमी आवळलं तर जोड सरकतो, फार जास्त आवळलं तर ॲल्युमिनियमचे ओठ वाकतात. आणि भार टाकताना साधा विवेक ठेवावा: आडवा दांडा उभ्या खांबाच्या बगलेला लटकवण्यापेक्षा खांबाच्या डोक्यावर टेकवावा. मग वजन थेट धातूवरून धातूवर उतरतं आणि बोल्टांकडे फक्त जागा धरून ठेवण्याचं काम उरतं. नवशिक्यांच्या टेबलांत हीच एक गोष्ट सगळ्यात जास्त चुकलेली दिसते.

आता ॲल्युमिनियमच का? पहिलं कारण असा आकार बनवण्याच्या रीतीत आहे. ॲल्युमिनियमचं बिलेट ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. ते वितळत नाही (शुद्ध ॲल्युमिनियम वितळायला ६६० अंश लागतात), पण मऊ पडतं. मग प्रेस त्याला पोलादी डायमधून रेटते. पोकळ दांड्याची डाय पाहण्यासारखी असते. पोकळीचा साचा मधोमध एका पुलावर धरलेला असतो. धातू त्या पुलाभोवती फाटतो आणि पुढच्या कप्प्यात प्रचंड दाबाखाली, न वितळताच, पुन्हा एकजीव होतो. बाहेर येणारा दांडा थंड करून ताणून सरळ करतात आणि मग सुमारे १७५ ते २०५ अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात. इथं ६०६३ जातीच्या मिश्रधातूतले मॅग्नेशियम आणि सिलिकॉन एकत्र येऊन अतिसूक्ष्म कण बनवतात, आणि मऊ दांडा कणखर होतो. हे दोन्ही घटक मिळून दीड टक्काही भरत नाहीत. शेवटी ॲनोडायझिंग, म्हणजे पृष्ठभागावर काही मायक्रॉन जाडीचा कठीण ऑक्साइडचा थर. रंग द्यायला नको, गंजायची भीती नाही.

दुसरं कारण गेल्या लेखांकाशी जोडलेलं आहे. भट्टीत मिळवलेला हा कणखरपणा वेल्डिंगच्या उष्णतेनं जातो. शिवणीलगतच्या पट्ट्यात ६०६३ ची ताकद जवळपास निम्म्यावर येते. शिवाय उष्णतेनं दांडा ओढला जातो आणि फ्रेम गुण्यात राहत नाही. म्हणजे या धातूला जोड हवाच तो थंड. खोबण आणि नट हे सोयीपुरतं शोधलेलं साधन नाही, या धातूच्या प्रकृतीला मानवणारा तो जोड आहे, असं माझं मत आहे.

खिडक्यांच्या दुकानात मिळणारा सेक्शन मात्र या कामाला घेऊ नये. सांगाड्याच्या प्रोफाइलचा सरळपणा, पीळ, बाजूंचा काटकोन यांना बरीच कडक मर्यादा असते. युरोपात त्यासाठी ईएन १२०२० हे मानक आहे. चार दांडे कापून जोडल्यावर चौकट आपोआप काटकोनात बसते ती या मर्यादेमुळे, आणि कापणाऱ्याच्या करवतीमुळे. टोक अर्धा अंश तिरकं कापलं तर उत्तमातलं उत्तम प्रोफाइलही काही कामाचं नाही. दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच शेवटचा पीळ द्यावा.

टोकाच्या जोडासाठी दांड्याच्या गाभ्यात एक भोक तयारच असतं. ४० मिलिमीटरच्या बहुतेक प्रोफाइलांत ते थेट एम-८ चे आटे पाडण्याच्या मापाचं, २० मिलिमीटरच्यांत एम-५ च्या. आटे पाडायचे, दुसऱ्या दांड्यात ॲलन कीपुरतं भोक पाडायचं, आणि बोल्ट आत लपवून आवळायचा. बाहेरच्या ब्रॅकेटपेक्षा हा जोड देखणा. पण हलवताना पुन्हा ड्रिल लागतं, म्हणजे खोबणीचं स्वातंत्र्य थोडं गमावलं.

वाकण्याचं गणित मात्र सगळ्यांनी पाठ करावं. ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या एक तृतीयांश, आणि ताठपणालाही एक तृतीयांशच. हलक्या जातीचा ४० बाय ४० चा दांडा एक मीटर अंतरावर दोन्ही टोकांना टेकवून मधोमध ५० किलो ठेवले तर तो साधारण दीड ते पावणेदोन मिलिमीटर वाकतो. अंतर दुप्पट केलं तर वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो, म्हणजे जवळजवळ १३ मिलिमीटर. उपाय जाड भिंतीचा दांडा घेण्यात नाही, उंची वाढवण्यात आहे. ४० बाय ८० चा दांडा ८० ची बाजू उभी ठेवून लावला की तोच वाक दोन मिलिमीटरच्या आसपास येतो. तोच दांडा आडवा लावला तर फायदा फक्त दुपटीचा. दुकानातून योग्य माल आणून चुकीच्या अंगावर बसवलेला पाहिला की जीव हळहळतो.

एक तक्रार नोंदवायलाच हवी. ४० बाय ४० असं माप सारखं असलं तरी एका उत्पादकाची खोबण ८ मिलिमीटर, दुसऱ्याची १०. अमेरिकेत पुन्हा इंचांची वेगळी मालिका. एकाचा नट दुसऱ्याच्या खोबणीत बसेलच असं नाही. ज्या पद्धतीचा सगळा जीव पुन्हापुन्हा वापरण्यात आहे, तिच्यात हे असावं याचं वाईट वाटतं. छोट्या कारखान्यानं किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेनं पहिल्या खरेदीतच एक मालिका ठरवावी आणि तीच धरून चालावं.

त्रिमिती छपाईची यंत्रं घरी बांधणाऱ्यांनी ही पद्धत आता आपलीशी केली आहे. ‘व्होरॉन’सारख्या खुल्या आराखड्यांचा सांगाडा बहुधा २० बाय २० च्या प्रोफाइलचा असतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी हाच माल घ्यावा. प्रकल्प संपला की दांडे पुढच्या तुकडीच्या कामाला येतात.

पण सरसकट सगळीकडे नाही. किलोमागे ॲल्युमिनियमचा भाव साध्या पोलादाच्या कित्येक पट, वर नट आणि ब्रॅकेटांचा खर्च वेगळा. जो सांगाडा एकदा उभा करून वर्षानुवर्षं हलवायचाच नाही, ज्याच्यावर मोठं वजन आहे किंवा हादरे बसणार आहेत, तिथं पोलादाची चौकोनी नळी आणि चांगला वेल्डर हाच शहाणपणाचा मार्ग आहे. जे बदलणार, सरकणार, वाढणार आहे, तिथं प्रोफाइल घ्यावं. आणि घेतलंत तर मशीन काही दिवस चालल्यावर प्रत्येक बोल्ट एकदा पुन्हा तपासा. कंपनानं सैल झालेला नट खोबणीत दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात रिव्हेट.