हाक कोणती आणि हौस कोणती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मासिक बैठकीत बचतीचा विषय मागे पडतो आणि मुलींचा पुढे येतो. नर्सिंगला घालायचं, शिवणकाम शिकवायचं, की स्थळ बघायचं? चाळिशीतल्या बाईपुढेही असाच प्रश्न असतो. कर्ज घेऊन शेळ्या घ्यायच्या की पिठाची गिरणी टाकायची? आयुष्यात कशाच्या मागे लागायचं, हे ठरवायचं कसं?

आमच्या गटांमध्ये सगळ्या धर्मांच्या बाया आहेत. आज आपण ख्रिस्ती श्रद्धा या प्रश्नाकडे कशी बघते ते समजून घेऊ. त्यासाठी उदाहरण घेऊ पंडिता रमाबाईंचं.

मराठी ख्रिस्ती लोकांमध्ये एक शब्द आहे, पाचारण. पाचारण म्हणजे देवाने मारलेली हाक. ही हाक फक्त धर्मगुरूंना किंवा मठातल्या सिस्टरांनाच येते, असं पूर्वी पुष्कळांना वाटायचं. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या मार्टिन लूथर यांनी ठासून सांगितलं की शेत नांगरणारा, लेकरू सांभाळणारी, चपला शिवणारा, हे सगळेच आपापल्या कामातून देवाची सेवा करत असतात. म्हणजे काम लहान की मोठं, यापेक्षा ते कोणाच्या उपयोगी पडतं ते बघायचं.

पण हाक खरी आहे की मनाची हौस आहे, हे ओळखायचं कसं? रमाबाईंचं आयुष्य बघू या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने ते रमाबाईंना शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर पायी फिरत फिरत कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. पुढे भाऊ गेला, लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत पतीही गेले. पदरात मनोरमा नावाची लहान मुलगी होती.

रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. बायकांना पुरुष डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच वाटतो, म्हणून बायका डॉक्टर हव्यात, हे त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितलं होतं. त्यासाठीच १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी यायला लागलं आणि डॉक्टरकीचं दार बंद झालं.

तिथेच त्यांनी एक वेगळं काम पाहिलं. समाजाने वाईट ठरवलेल्या बायकांना सिस्टर लोक आसरा देत होत्या. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरात त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. भर दुपारी विहिरीवर पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली बाई. येशू ख्रिस्त तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि तिच्याशी मानाने बोलतो. ती गोष्ट रमाबाईंच्या मनात ठसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मांसाहार मात्र त्यांनी तेव्हाही केला नाही आणि पुढेही नाही. श्रद्धा बदलली तरी आपलं काय राखायचं, हे त्यांनीच ठरवलं.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथे विधवा मुली शिकायला येऊ लागल्या. गोदूबाई त्यांपैकी एक. पुढे त्या महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. त्यांनी आपला धर्म बदलला नाही. पण शाळा पुण्याला आल्यावर काही मुली ख्रिस्ती झाल्या, आणि १८९३ मध्ये मोठा वाद पेटला. वर्तमानपत्रांत टीका झाली, न्यायमूर्ती रानड्यांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम सोडलं नाही.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भूक काय असते ते त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. तिथून शेकडो मुली आणि बाया त्यांनी दौंडजवळच्या केडगावला आणल्या. त्या ठिकाणाचं नाव मुक्ती. तिथे नुसतं जेवण नव्हतं. विणकाम, शेती, दूधदुभतं, छापखाना, जिला जे जमेल ते काम तिला शिकवलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि छपाईचं काम या बायांनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पण मुक्तीचं काम आजही चालू आहे.

यातून तीन प्रश्न निघतात. धर्म कोणताही असो, निर्णयाच्या आधी ते स्वतःला विचारावेत.

पहिला, माझ्या हातात आधीपासून काय आहे? रमाबाईंकडे आईने दिलेली विद्या होती. तुमच्याकडे पापडाचा हात असेल, नाहीतर हिशेबाचं डोकं.

दुसरा, माझ्या आसपास कोणाला कशाची गरज आहे? जे सोसलं तेच पुष्कळदा वाट दाखवतं.

तिसरा, किंमत किती आणि ती मी देऊ शकते का? बुरूज बांधणाऱ्याने आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करावा, असं येशूच्या शिकवणीत आहे. आपण कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी हेच तर करतो. पण इथे फक्त पैशाचा हिशेब नाही. लोकांचं बोलणं, घरच्यांचा रुसवा, हेही खर्चात धरायचं.

आणि एक दार बंद झालं म्हणजे हाक खोटी होती, असं नाही. रमाबाई डॉक्टर झाल्या नाहीत, पण ज्या बायांसाठी डॉक्टर व्हायचं होतं त्यांच्यापर्यंत त्या पोचल्याच.

पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न मुलींना समोर बसवून विचारा. उत्तर मात्र त्यांना देऊ द्या, मध्ये आपण बोलायचं नाही. काय काय निघालं ते आम्हाला कळवा.