भेंडीचं पान पिवळं का पडलं?



गेल्या वर्षी परसबागेतल्या भेंडीने मला चांगलाच धडा दिला. पोषण आहारासाठी मुलांनी लावलेली रोपं जोमात होती. अचानक दोन-तीन रोपांची पानं पिवळी पडू लागली. मी घाईघाईने बुरशीनाशक आणलं आणि मुलं घरी गेल्यावर फवारलं. तरी पंधरा दिवसांत अर्धा वाफा पिवळा! चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, औषध देऊनही झाडं बरी का नाही झाली?"

उत्तर शोधताना कळलं, की मी रोग न ओळखताच औषध दिलं होतं.

बुरशीचा रोग : आमच्या लोधिवलीकडे भातावर येणारा करपा सगळ्यांना माहीत आहे. तो बुरशीमुळे होतो. बुरशीचे बीजाणू वाऱ्याने उडतात, ओल्या पानावर रुजतात आणि आत शिरतात. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी ठिपके दिसतात. युरिया जास्त झाला की करपा वाढतो. इथे योग्य बुरशीनाशक वेळेवर दिलं तर उपयोग होतो.

विषाणूचा रोग : भेंडीवरचा हळद्या किंवा केवडा मात्र विषाणूमुळे होतो. विषाणू झाडाच्या पेशीत शिरतो आणि पेशीलाच आपल्या नकला बनवायला लावतो. रोगी झाडातला हा विषाणू मारणारं औषध शेतकऱ्याजवळ नाही. बुरशीनाशकाचा तर त्याच्याशी संबंधच नाही! गंमत म्हणजे बाजरीवरच्या एका रोगालाही केवडाच म्हणतात, पण तो बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो. म्हणून नुसतं नाव ऐकून चालत नाही, रोगामागचं कारण शोधावं लागतं.

हेच काम वनस्पतिरोगतज्ज्ञ करतात. भेंडीच्या या रोगाची नोंद १९२४ साली कुलकर्णी यांनी आपल्या मुंबई इलाख्यातूनच केली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी हा रोग विषाणूचा असल्याचं मांडलं आणि त्याला 'यलो व्हेन मोझॅक' हे नाव दिलं. तो पसरवते चिमुकली पांढरी माशी. ती रोगट झाडाचा रस शोषते, मग निरोगी झाडावर बसते आणि विषाणू तिथे पोचवते. बियाण्यातून हा रोग पसरत नाही.

मग उपाय काय? परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी आपल्या भेंडीचा संकर तिच्या रानटी भावंडाशी केला. त्यातून 'परभणी क्रांती' हा रोगाला तोंड देणारा वाण तयार झाला. १९८६ साली त्याबद्दलचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे या वाणावरही काही ठिकाणी रोग दिसू लागला. विषाणूही बदलत राहतो, त्यामुळे संशोधन थांबवून चालत नाही.

मुलांसाठी उपक्रम : पिवळं पान उजेडाकडे धरायला सांगा.
१) शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर बहुधा लोहासारख्या अन्नद्रव्याची कमतरता.
२) शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल, तर हळद्याची शंका. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी माशी आहे का, तेही बघा.

हळद्याची रोपं दिसताच उपटून टाका, आजूबाजूचं तण काढा, पिवळे चिकट सापळे लावा. शंका असेल तर ते पान सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.

यंदा आमच्याकडे एकच रोप पिवळं पडलं. त्याच मुलीने पान उजेडाला धरलं आणि म्हणाली, "बाई, शिरा पिवळ्या आहेत, हे उपटायचं." वाफा वाचला. पालकहो, तुम्हीही दुकानात औषध मागण्याआधी मुलांना घेऊन एकदा पान नीट बघा. पैसे वाचतील, पीकही वाचेल.