नमाजच्या ॲपला आपलं घर कशाला माहीत हवं?

रमजान आला की एक सवाल आम्हाला हमखास विचारला जातो. मशिदीच्या टाइमटेबलमध्ये सहरीचा शेवटचा वक्त एक आणि मोबाइलच्या ॲपमध्ये दुसरा. बारा-तेरा मिनिटांचा फरक. मग खरं कोण? घरातली तरुण पोरं म्हणतात मोबाइल, दादी म्हणते मशीद. बहुतेक वेळा दादीच बरोबर निघते.

ॲप काही आकाशाकडे बघत नाही, ते गणित करतं. आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि तारीख यांवरून सूर्य कुठं असेल ते काढतं. जोहर आणि मगरिबमध्ये फारसा वाद नाही. पण फजर आणि इशासाठी सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली धरायचा, हे आधी ठरवावं लागतं. आपल्याकडे बरेच जण वापरतात ती कराचीची पद्धत १८ अंश धरते. उत्तर अमेरिकेतली 'इस्ना' पद्धत १५ धरते. सौदीच्या उम्मुल-कुरामध्ये फजरला साडेअठरा अंश, आणि इशा थेट मगरिबनंतर ९० मिनिटांनी. आता सेटिंगमध्ये 'इस्ना' तशीच राहिली असेल, तर महाराष्ट्रात फजर १२-१३ मिनिटं उशिरा दिसते. म्हणजे फोनकडे बघत शेवटचा घोट घेणारा माणूस, मशिदीच्या हिशेबानं, वक्त संपल्यावर पाणी पितोय!

असरची गोष्ट वेगळी. शाफई मसलकात वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर सुरू, हनफीत दुप्पट झाल्यावर. (दुपारची मूळ सावली दोन्हीकडे सोडून धरायची.) आपल्या भागात हा फरक ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो, पण जवळपास तासाभराचा असतो. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे रत्नागिरीच्या माहेरचं आणि पुण्याच्या सासरचं ॲप जुळलं नाही तर कुणाचाच फोन बिघडलेला नसतो. सेटिंगमध्ये मसलक निवडायची जागा असते, तेवढी बघा.

सेटिंग उघडलीच आहे तर आता लोकेशनकडे या. आमच्या मते खरी काळजी करायची जागा ही आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'मदरबोर्ड' या वृत्तसंकेतस्थळानं बातमी दिली. जगभरात ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालेलं 'मुस्लिम प्रो' हे ॲप वापरणाऱ्यांचं लोकेशन 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होतं. ही कंपनी तो माल ठेकेदारांना विकत होती, आणि त्यांच्यामार्फत तो अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचत होता. लष्कराला आपण थेट काही विकलं नाही, असं मुस्लिम प्रोनं सांगितलं आणि एक्स-मोडशी संबंध तोडला. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गूगलनं एक्स-मोडचा कोड ॲपमधून काढायला लावला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या कंपनीला, तिचं नाव तोवर आउटलॉजिक झालं होतं, संवेदनशील जागांचं लोकेशन विकायला मनाई केली. कोण कुठल्या इबादतगाहात जातं, ही माहिती त्यातच मोडते.

आता हिशेब करू. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते. मुंबई ते नागपूर सहा अंशांहून थोडं जास्त, म्हणून नागपूरची जोहर सुमारे २५ मिनिटं आधी. पण त्याच शहरात पूर्व-पश्चिम १० किलोमीटर सरकलात, तर फरक २५ सेकंदांचाही नाही. मग ॲपला आपली गल्ली, आपली बिल्डिंग कशाला लागते? नमाजसाठी तरी नाही. शहराचं नाव पुरतं. किब्ल्यालाही तेच. मुंबईत तो पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे, घर बदललं म्हणून बदलत नाही. उलट लोखंडी कपाटाशेजारी किंवा चुंबकाच्या कव्हरमध्ये फोनचं होकायंत्रच चुकतं.

अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनवर ॲपच्या परवानग्यांमध्ये लोकेशन उघडा, 'अचूक लोकेशन' बंद करा आणि परवानगी 'ॲप वापरताना'पुरतीच ठेवा. आयफोनवर ही सोय आयओएस १४ पासून आहे. फोन जुना असेल तर लोकेशनची परवानगीच देऊ नका. बऱ्याच ॲपमध्ये शहर हातानं निवडता येतं. घरातल्या बुजुर्गांचा फोन त्यांच्यासमोर बसूनच नीट करून द्या, नाहीतर पुढच्या अपडेटनंतर स्क्रीनवर जे येईल त्याला ते 'अलाउ' म्हणून मोकळे होतात.

एक अडचण मात्र आहे. शहर हातानं निवडलं की प्रवासात ते आठवणीनं बदलावं लागतं. रमजानात मुंबईहून नागपूरला गेलात आणि विसरलात, तर बाकीचे इफ्तार उरकून नमाजला उठलेले असतील आणि तुम्ही अजून खजूर हातात धरून फोनच्या अजानची वाट बघत असाल.