फुलपाखरू हातात घेताना

पावसाळा लागला की नागपुरात कुंडीतल्या गोडलिंबाभोवती फुलपाखरे घिरट्या घालू लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात ती क्वचितच दिसतात, पण जुलैपासून थंडी पडेपर्यंत त्यांचीच चलती असते. मोमिनपुऱ्यातल्या गच्चीवर, जाफरनगरच्या अंगणात, अंबाझरीच्या काठावर, सेमिनरी हिल्सच्या झाडीत, कुठेही पाहा. आणि त्यांच्यामागे धावणारी मुलेही पाहा. घरात आपण तिला तितली म्हणतो, शाळेच्या पुस्तकात तिचे फुलपाखरू होते. पण मुलाच्या मुठीत ती सापडली की पुढच्या दोन मिनिटांत काय होते, हे बहुतेक अम्मींनी पाहिलेले आहे.

"हात लावू नको" एवढे सांगून भागते, असे आम्हाला वाटत नाही. मूल आपल्यासमोर हात आवरते आणि गल्लीच्या टोकाला जाऊन पकडतेच. त्यापेक्षा हात कसा लावायचा हे त्याला दाखवून द्यावे, म्हणजे तितलीही वाचते आणि मुलाची हौसही फिटते.

आधी घरात चालत आलेल्या दोन समजुतींचे पाहू. एक अशी की पंखावरची भुकटी डोळ्याला लागली तर डोळे जातात. तसे होत नाही. ती भुकटी म्हणजे बारीक खवले असतात, घराच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले. पंखांचा रंग आणि नक्षी त्यांचीच. डोळ्यात गेले तर चुरचुरेल, म्हणून नंतर हात धुवावेत, इतकेच. दुसरी समजूत अशी की माणसाचा हात लागला की फुलपाखरू मरतेच. हेही खरे नाही. थोडे खवले निघाल्याने ते मरत नाही, पंखाची कड थोडी फाटली तरी उडू शकते. उत्तर अमेरिकेत मोनार्क जातीच्या फुलपाखरांच्या पंखावर छोटी चिकटपट्टी लावून त्यांना सोडतात. 1975 च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा राज्यात एका शिक्षकाने आणि दोन शाळकरी मुलांनी अशी पट्टी लावलेले एक फुलपाखरू पुढच्या जानेवारीत मेक्सिकोच्या डोंगरात सापडले. हातात धरले गेलेले ते अर्ध्या ग्रॅमचे पाखरू हजारो किलोमीटर उडून गेले होते. ही फुलपाखरे हिवाळ्यात जातात कुठे, याचा शोध त्या पट्ट्यांमुळेच लागला.

मात्र मोडलेला पंख पुन्हा उगवत नाही. आपले हाड जुळते तसा तो जुळून येत नाही. म्हणून सगळी काळजी पंखाच्या शिरांची घ्यायची. चिमटीत एकच पंख धरला की तितली धडपडते, आणि त्या धडपडीत शीर तुटते.

सगळ्यात चांगली रीत म्हणजे धरायचेच नाही, तिलाच बोटावर येऊ द्यायचे. पिकलेल्या केळ्याचा किंवा संत्र्याचा रस बोटाला लावा, ती बसली असेल तिथे तिच्या पायांसमोर बोट हळूच टेकवा आणि थांबा. फुलपाखराला चव पायांनी कळते, त्यामुळे पाय रसाला लागले की सोंड आपोआप उलगडते. रस नसला तरी चालेल. घामातले क्षारही त्यांना आवडतात. लहान मुलांनी एवढेच करावे. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात जाळी देऊ नये, असे आमचे मत आहे. त्या वयात त्यांना आपल्याच हाताचा जोर कळत नाही.

धरायचीच वेळ आली तर ती पंख मिटून बसण्याची वाट पाहावी. मग चारही पंख एकदम, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये, शरीराच्या जवळ आणि पुढच्या कडेला धरावेत. तिथल्या शिरा जाड असतात. पोट दाबायचे नाही, पाय ओढायचे नाहीत. हात कोरडे हवेत. त्यावर तेल, अत्तर, क्रीम नको, आणि डासांचे मलम तर अजिबात नको. आपल्या कातडीवर जे डासांना पळवते ते तितलीलाही बाधते.

सगळ्या जाती सारख्या चिवट नसतात. रुईवर वाढणारे तांबूस-नारिंगी प्लेन टायगर चांगलेच कणखर असते. रुईच्या चिकातले कडू विष अळीपणापासून त्याच्या अंगात असते. पक्ष्याने चोच मारून थुंकले तरी निभावून जावे, असेच त्याचे शरीर आहे. पण गवतावर फिरणारी नखाएवढी निळी फुलपाखरे आणि तरोट्याभोवती उडणारी छोटी पिवळी फुलपाखरे इतकी नाजूक असतात की त्यांना नुसते पाहावे. जोडीने बसलेल्यांना आणि नुकत्याच कोषातून बाहेर पडलेल्यालाही हात लावू नये. कोषातून निघाल्यावर पंख चुरगळलेले आणि ओले असतात, ते पसरून वाळायला काही तास लागतात. त्या वेळी धक्का लागला तर पंख वाकडेच राहतात, आणि मग ती कधीच उडत नाही.

जाळी विकत आणायची गरज नाही. तारेची एक फूट व्यासाची कडी आणि तिला नेटच्या जुन्या दुपट्ट्याची दोन-अडीच फूट खोल पिशवी शिवली की झाले. मच्छरदाणीची कडक जाळी पंख खरडते, ती घेऊ नये. वरून झडप घालायची नाही. फुलात बसलेली तितली त्यात चिरडली जाते आणि फांदीही मोडते. मागून, आडवा झोका द्यावा आणि लगेच मनगट वळवून पिशवी कडीवर पालथी टाकावी, म्हणजे तोंड बंद होते. पिशवी खोल हवी ती याच कारणाने. जाळीत हात घालून चाचपडण्यापेक्षा काचेची बरणी आत सरकवावी. ती उजेडाकडे वर चढते आणि आपण होऊन बरणीत जाते.

बरणी सावलीत ठेवायची. उन्हातली झाकलेली बरणी काही मिनिटांतच भट्टी होते, आणि झाकणाला भोके पाडली तरी त्यात फरक पडत नाही. आत काडी किंवा खडबडीत कागद असावा, पायांना पकड मिळते. पाण्याचे थेंब नकोत, ओले पंख काचेला चिकटतात. फोटो काढण्यापुरती स्थिर राहावी म्हणून काही जण तिला फ्रीजमध्ये ठेवतात. तो प्रकार आम्हाला पसंत नाही. पाच-दहा मिनिटे पाहावे, चित्र काढायचे तर काढावे, आणि पकडली तिथेच सोडून द्यावी. मगरिबच्या सुमारास किंवा पाऊस पडत असताना सोडायची वेळ येऊ नये, म्हणून हा उद्योग सकाळचाच बरा.

यात कायद्याचाही भाग आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत कितीतरी फुलपाखरांची नावे आहेत, आणि पेंचसारख्या संरक्षित जंगलात तर कशालाच हात लावायची मुभा नाही. घराच्या अंगणातही एक गोम आहे. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. ती कडू नसते, पण पक्ष्यांनी फसावे म्हणून तिने तसे रूप घेतले आहे. 2022 च्या दुरुस्तीआधी ही जात कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला होती. पक्षी फसतात तिथे चौथीतले पोर ओळखणार कसे? म्हणून पकडलेली तितली घरी न्यायची नाही, मारायची नाही, हा नियम सरसकट ठेवावा.

हे सांगायचे कारण असे की काही शाळा अजूनही प्रकल्पासाठी वहीत चिकटवलेली फुलपाखरे मागतात, आणि एक दिवस आधी घरात धावपळ उडते. एक काळ असा होता की अभ्यासाची दुसरी रीतच नव्हती. आपल्या अजब बंगल्याचे, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, डी'अब्रू यांनी 1931 मध्ये मध्य प्रांतातील फुलपाखरांची यादी छापली. त्या काळी टाचणी टोचलेला नमुना हाच पुरावा मानला जाई. पुढे आशिष टिपले आणि ए. एम. खुराद यांनी नागपूर आणि परिसरातल्या 145 जातींची नोंद 2009 मध्ये प्रसिद्ध केली. आज अम्मीच्या मोबाईलमधला स्वच्छ फोटो, तारीख आणि जागा एवढे असले तरी ती उपयोगी नोंद ठरते. सप्टेंबर महिन्यात देशभर अशा नोंदी गोळा केल्या जातात. शिक्षकांना भेटून फोटोंची वही चालेल का, असे पालकांनी विचारावे. विचारायला काय हरकत आहे?

मुलांनी विचारले की पाळायची तर नाही, मग पकडू तरी का द्यायचे, तर दोन हदीस सांगता येतात. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याजवळ खेळायला एक लहान पक्षी होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला त्यावरून रागावले नाही, उलट तो पक्षी मेला तेव्हा त्या लहानग्याची विचारपूस केली. आणि प्रवासात काही साथीदारांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली, ती वर तडफडत घिरट्या घालू लागली, तेव्हा तिला दुःख कोणी दिले असे विचारून पिल्ले परत ठेवायला सांगितले. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवणाऱ्या पोरांना ही दुसरी हदीस जरूर ऐकवावी.

घरात चुकून शिरलेल्या तितलीला खरा धोका असतो तो छतावरच्या पंख्याचा. आधी पंखा आणि दिवा बंद करा, पडदे ओढा आणि एकच खिडकी सताड उघडी ठेवा. उजेडाच्या दिशेने ती निघून जाते. काचेवर फडफडत राहिली तर तिच्यावर पेला ठेवा आणि खालून एखादे जाड कार्ड सरकवा. शादीची जुनी पत्रिका यासाठी उत्तम! पावसात भिजून पडलेलीला पुसू नये, कार्डावर उचलून आडोशाच्या फांदीवर ठेवावी.

जवळून पाहायचेच असेल तर पकडण्यापेक्षा अळी वाढवणे आम्हाला जास्त आवडते. गोडलिंबावर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काही दिसले तर नीट पाहा, ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचले तर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडते. तिला चिमटीने ओढू नका, पानासकट डहाळी कापा. कात टाकायच्या वेळी ती रेशमी धाग्याने पानाला चिकटलेली असते, ओढली तर पाय तुटतात. केसाळ अळ्यांच्या वाटेला जाऊ नका, अंगाला खाज सुटते. जाळी लावलेला खोका, रोज ताजी पाने आणि रोज सफाई, इतके पुरते. बाजारातली पाने मात्र धुऊनही घालू नका, फवारणीचा अंश राहतो. काटोल, नरखेडकडे संत्र्याची बाग असलेल्या नातेवाइकांना ही हौस सांगाल तर ते हसतील. त्यांच्या कलमांची कोवळी पाने हीच अळी फस्त करते. 2015 मध्ये राज्याचे फुलपाखरू म्हणून जाहीर झालेले निळे-काळे ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळावर वाढते.

कोष झाल्यावर बहुधा आठवडा-दीड आठवड्यात तितली बाहेर येते, थंडीत कधीकधी बरेच दिवस लांबते. तेव्हा मेला समजून फेकून देऊ नका. बाहेर आल्यावर ती लालसर थेंब टाकते आणि मुले "खून, खून" म्हणून घाबरतात. ते रक्त नसते, कोषात साठलेला मळ असतो. 1608 मध्ये फ्रान्समधल्या एक्स गावाच्या आसपास भिंतींवर असेच लाल थेंब दिसले, तेव्हा रक्ताचा पाऊस पडला म्हणून लोक भ्याले होते. पेरेस्क नावाच्या विद्वानाने डबीत कोष ठेवून पाहिला, आणि तसाच थेंब डबीत निघाला. ओल्या फडक्याने तो सहज पुसला जातो.