सिकलसेलग्रस्त मूल आणि शिक्षकाचे कर्तव्य

वर्गातील एखादे मूल वारंवार पाणी मागते, लघुशंकेस जाते, कवायतीच्या वेळी कडेला बसते आणि थंडीच्या दिवसांत आठ-आठ दिवस शाळेत येत नाही. अशा मुलास कामचुकार ठरविण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांत पिवळसर झाक आहे काय, हे शिक्षकाने अवश्य पाहावे. विदर्भात व सातपुड्याच्या परिसरात, विशेषतः आदिवासी वस्त्यांत, सिकलसेल हा रोग बराच आढळतो.

निरोगी तांबडी रक्तपेशी वाटोळी व लवचीक असून सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन सदोष असल्यामुळे प्राणवायू कमी पडताच ही पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते आणि थोड्याच दिवसांत नाश पावते. त्यामुळे रक्तक्षय होतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे हाडांत, पोटात वा छातीत असह्य वेदना उठतात. बाहेरून काहीच दिसत नसल्याने मूल सोंग करीत आहे, असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो. तो खरा नव्हे.

हा रोग आईवडील या दोघांकडून आलेल्या दोषामुळे होतो. एकाकडूनच दोष आलेले मूल वाहक असते. ते सामान्यतः निरोगीच असते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण होण्याचा संभव चारांत एक असतो. स्पर्शाने किंवा एका माठातील पाणी प्याल्याने हा रोग होत नाही. तो करणीचा वा कोपाचा परिणामही नव्हे. हे वर्गाला समजावून सांगावे; परंतु कोणा मुलाचा तपासणी-अहवाल वर्गात वाचून दाखवू नये.

शाळेत पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मुलास पाणी पिण्यास व लघुशंकेस केव्हाही मोकळीक असावी. त्याचे मूत्रपिंड शरीरातील पाणी नीट राखू शकत नाही. त्यास गारठ्यात उभे करू नये, ओल्या कपड्यांत बसवू नये. खेळू द्यावे, परंतु दमताच विसावा द्यावा. दुखऱ्या भागास बर्फ लावू नये. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिड वा हायड्रॉक्सियुरिया ही औषधे नियमित घेतली जातात काय, याची पालकांकडे विचारपूस करावी. शाळेत वाटली जाणारी लोहाची गोळी सिकलसेल वा थॅलसेमियाच्या मुलास डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. वारंवार रक्त चढविलेल्या शरीरात लोह साचून अपाय होतो.

ताप १०१ अंशांवर जाणे, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी फिकटपणा येऊन पोट फुगणे, हातपाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी शाळा सुटण्याची वाट न पाहता पालकांस निरोप धाडावा व मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीची योजना आहे. संशय येताच आशाताई किंवा आरोग्यसेविकेमार्फत मुलाची तपासणी करवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात सिकलसेल, थॅलसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश आहे. त्यानुसार दाखला मिळविण्यास पालकांस साहाय्य करावे.

औषधोपचार हे वैद्यांचे काम होय. मात्र मूल दिवसाचे पाच-सहा तास आपल्या नजरेसमोर असते. त्याची बुडालेली पाने घरी पाठवावीत, हुकलेली परीक्षा पुन्हा घ्यावी आणि आजारातून परतल्यावर त्याच्या गैरहजेरीचा जाब न विचारता त्यास त्याच्या जागी बसवावे.