पेत्राचा नकार आणि करेज्माचे चाळीस दिवस

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' एम. ए.च्या वर्गात शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ज्यांना नव्या धर्मात स्थिर करायचे, त्यांनाच पट्टशिष्याने गुरूला नाकारल्याची गोष्ट कशाला सांगायची?" प्रश्न वाङ्मयाचा होता, त्याचे उत्तर मात्र करेज्मात, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळात सापडते.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून हा काळ सुरू होतो. ती राख आदल्या वर्षी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. तिथून ईस्टरपर्यंतचे रविवार वगळले की ४० दिवस भरतात. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे. पण त्यांचा हेतू पुण्याची बेरीज हा नव्हे. आपण किती दुबळे आहोत हे माणसाने स्वतःशी कबूल करावे, हा आहे.

पेत्राची कथा या कबुलीचा नमुनाच होय. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही, असे तो संध्याकाळी म्हणाला. त्याच रात्री येशूला पकडून नेल्यावर तो महायाजकाच्या अंगणात विस्तवाशी शेकत बसला. तिथे त्याला प्रथम हटकले ते कोणा अधिकाऱ्याने नव्हे, एका दासीने. तिच्यासमोर त्याचा धीर सुटला. तीनदा नकार दिल्यावर कोंबडा आरवला. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे. एकानेही तो झाकलेला नाही.

शेजारीच यहूदाची कथा ठेवून पाहावी. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदाने चांदीची ३० नाणी परत नेऊन टाकली आणि गळफास घेतला. पेत्र बाहेर जाऊन रडला, पण शिष्यांतच राहिला. पुढे सरोवराच्या काठी पुनरुत्थित येशूने त्याला तीनदा विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? योहानाने तिथेही पेटलेल्या निखाऱ्यांचा उल्लेख केला आहे. ज्या उबेत शब्द मोडला, तशाच उबेत तो पुन्हा जोडला गेला. दोघांतला फरक अपराधाच्या वजनात शोधू नये. क्षमा शक्य आहे या विश्वासात शोधावा.

आपल्या भाषेने ही कथा फार लवकर आपलीशी केली. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे आख्यान ओवीत येते. पुढे १६२९ पासून एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचे पेत्रचरित्रावरचे मराठी ओवीबद्ध पुराण गोव्यातच छापले गेले. त्यात हिंदू दैवतांचे कठोर खंडन आहे. मंदिरे पाडली गेल्याच्या काळाची सावली त्यावर आहे. ते वाचताना आजही मन खट्टू होते, आणि ते विद्यार्थ्यांपासून लपवू नये असे मला वाटते. तरीही ज्या पंथाची एवढी सत्ता होती, त्याने आपला आद्य नायक पडलेला दाखवला, हीही नोंद घ्यायला हवी.

मी ख्रिस्ती नाही. पण पेत्राचे अंगण मला ओळखीचे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बैठकीत माझ्या सहकाऱ्यावर खोटा ठपका येत होता. खरे काय ते मला ठाऊक होते. "तुम्हाला यातले काही माहीत आहे का?" असे विचारले, तेव्हा मी "नाही" म्हणालो. भय नोकरीचेही नव्हते. चार लोकांच्या नजरेचे होते. पुढे मी त्यांच्या घरी जाऊन ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि चहा ठेवला.

त्या विद्यार्थिनीला मी म्हटले, निर्दोष शिष्याची कथा ऐकून श्रोता नमस्कार करतो आणि घरी जातो. पडलेल्या शिष्याची कथा ऐकणाऱ्याला मात्र आपले अंगण आठवते. नव्या श्रोत्यांना ती सांगायची, ती याचसाठी.