बहुक्वार्क कण

तीनपेक्षा अधिक क्वार्क व प्रतिक्वार्क मिळून बनलेल्या हॅड्रॉनांना बहुक्वार्क कण म्हणतात. सामान्य हॅड्रॉनांचे दोन प्रकार आहेत: तीन क्वार्कांचे बॅरिऑन (उदा. प्रोटॉन) आणि क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचे मेसॉन. १९६४ मध्ये मरे गेल-मान यांनी क्वार्कची संकल्पना मांडतानाच चार व पाच घटकांच्या कणांची शक्यता नोंदवली होती. प्रबल आंतरक्रियेच्या सिद्धांतानुसार, म्हणजेच क्वांटम क्रोमोडायनॅमिक्सनुसार, मुक्त कणाचा एकूण रंगप्रभार शून्य असावा लागतो. बहुक्वार्क कण ही अट पूर्ण करू शकतात. परंतु त्यांपैकी कोणते कण प्रत्यक्षात बद्ध राहतात, हे गणनेशिवाय सांगता येत नाही.

भाकिताची पद्धत

या सिद्धांताची समीकरणे अवकाश-काळाच्या जालकावर मांडून महासंगणकाने सोडवली जातात. गणनेतून मिळालेले वस्तुमान, कण ज्या घटकांत विघटित होऊ शकतो त्यांच्या एकत्रित वस्तुमानापेक्षा कमी असल्यास कण बद्ध ठरतो. हा फरक म्हणजे बंधन ऊर्जा होय. ड्यूटेरॉनमध्ये ती सुमारे २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते.

मुंबईतील संशोधन

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परीक्षित जुन्नरकर व नीलमणी माथुर यांनी एम. पद्मनाथ यांच्यासह २०१९ मध्ये दोन जड क्वार्क असलेल्या टेट्राक्वार्कांची जालक-गणना प्रसिद्ध केली. त्यात दोन चार्म आणि दोन बॉटम क्वार्कांच्या अवस्था विघटन-मर्यादेखाली आढळल्या. २०२३ मध्ये माथुर, पद्मनाथ व देबशुभ्र चक्रवर्ती यांनी सहा बॉटम क्वार्कांच्या द्विबॅरिऑनचे भाकीत केले. त्याची बंधन ऊर्जा सुमारे ८१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ड्यूटेरॉनच्या पस्तीस पटींहून अधिक आहे. त्यातील दोन्ही बॅरिऑन ऋणप्रभारित असले, तरी विद्युत प्रतिकर्षणामुळे हे बंधन केवळ काही टक्क्यांनीच बदलते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

प्रायोगिक पडताळणी

सर्वच भाकिते खरी ठरलेली नाहीत. रॉबर्ट जॅफी यांनी १९७७ मध्ये वर्तवलेला एच द्विबॅरिऑन अद्याप सापडलेला नाही. २००३ मध्ये जाहीर झालेला थीटा पेंटाक्वार्क पुढील अधिक काटेकोर प्रयोगांत दिसला नाही. याउलट, सर्न येथील एलएचसीबी प्रयोगात २०१५ मध्ये पेंटाक्वार्क, तर २०२१ मध्ये दोन चार्म क्वार्कांचा टेट्राक्वार्क आढळला. सहा बॉटम क्वार्कांचा कण मात्र अद्याप केवळ भाकीतच आहे. त्याचा घटक असलेला तीन बॉटम क्वार्कांचा बॅरिऑनही अजून प्रयोगात दिसलेला नाही.